अर्ज धाडण्यापूर्वी : परिचयपत्रकाचे पुनर्वाचन

सुमारे १४८२ सालची गोष्ट आहे. इटलीतील फ्लोरेन्स शहरातला एक तिशीचा कलावंत मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याच्या पदरी चाकरी मिळावी म्हणून प्रयत्न करीत होता. त्याने तयार केलेल्या अर्जाचा मसुदा आजही उपलब्ध आहे. मिलानच्या अँब्रोसियाना ग्रंथालयातील 'कोडेक्स अटलांटिकस' नावाच्या संग्रहात तो जपून ठेवलेला आहे. मसुद्यातील हस्ताक्षर अर्जदाराचे स्वतःचे नाही. बहुधा अक्षर चांगले असलेल्या दुसऱ्या कोणाकडून त्याने तो लिहवून घेतला असावा. अर्जदाराचे नाव लिओनार्दो दा व्हिन्ची.

चित्रकार म्हणून आज जगाला ठाऊक असलेला हा माणूस आपल्या अर्जात चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी करतो. आरंभी तो सांगतो की, हलके, मजबूत आणि सहज वाहून नेता येतील असे पूल बांधण्याची रीत त्याला अवगत आहे. वेढा पडला असता खंदकातील पाणी कसे काढावे, आवाज न करता भुयार कसे खणावे, शत्रूच्या सैन्यात घुसू शकतील असे झाकलेले रथ कसे तयार करावेत, हे तो जाणतो. अशी नऊ कलमे युद्धोपयोगी कौशल्यांची झाल्यावर दहाव्या कलमात, शांततेच्या काळात इमारती उभारण्याचे व पाणी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्याचे काम तो करू शकेल असे येते. मग संगमरवर, कांसे व माती यांतील शिल्पकाम आणि सर्वांत शेवटी चित्रकला. यांपैकी कोणतीही गोष्ट अशक्य वाटल्यास ती प्रत्यक्ष करून दाखविण्याची तयारीही तो दर्शवितो.

या मांडणीत वाचणाऱ्याची गरज ओळखण्याचा मोठा शहाणपणा आहे. लुडोविकोला चित्रकारांची वाण नव्हती. त्याला धास्ती होती ती शेजारच्या राज्यांशी होणाऱ्या युद्धांची. अर्जदाराने स्वतःला जे सर्वांत प्रिय ते आधी न सांगता मालकाला जे सर्वांत निकडीचे ते आधी सांगितले. तथापि हा मसुदा सर्वस्वी अनुकरणीय मानता येणार नाही. त्यातील बहुतेक यंत्रे अर्जदाराने तोवर प्रत्यक्षात केलेली नव्हती. स्फोर्झाच्या पित्याच्या स्मरणार्थ कांशाचा भव्य घोडा घडविण्याचे आश्वासनही त्याच अर्जात आहे. त्या घोड्याची मातीची प्रतिकृती १४९३ मध्ये तयार झाली, परंतु ओतकामासाठी राखलेले कांसे पुढच्याच वर्षी तोफांसाठी देऊन टाकावे लागले आणि घोडा काही झाला नाही. लिओनार्दोला ते चालून गेले. सामान्य अर्जदाराला मुलाखतीत पहिलाच प्रश्न त्या घोड्याविषयी विचारला जातो.

नोकरीसाठी द्यावयाच्या या कागदाला भारतात नाना नावांनी ओळखले जाते. 'बायोडेटा' हे त्यांतले सर्वांत रुळलेले. 'सीव्ही' म्हणजे 'करिक्युलम व्हायटी' हा लॅटिन शब्दप्रयोग असून त्याचा मूळ अर्थ जीवनाची धाव किंवा जीवनाचा धावमार्ग असा होतो. 'रेझ्युमे' हा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ सारांश. बायोडेटा म्हणजे जीवनविषयक माहिती. हे तीन शब्द व्यवहारात एकमेकांऐवजी वापरले जात असले तरी त्यांच्या अर्थांतला फरक उद्‍बोधक आहे. माहिती म्हटले की माणूस जे जे असेल ते सारे ओततो. सारांश म्हटले की काय गाळावे याचा विचार सुरू होतो. पुनर्वाचनाची बहुतेक कामगिरी ही माहितीपासून सारांशाकडे जाण्याची आहे. या व्याख्यानात त्यासाठी परिचयपत्रक हा शब्द वापरला आहे.

भारतीय परिचयपत्रकाला जे रूप आले आहे त्यामागे थोडा इतिहास आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात वरच्या जागांवर नेमणूक होई ती कंपनीच्या संचालकांच्या नामनिर्देशनाने. म्हणजे वशिल्याला राजमान्यताच होती. १८५३ च्या सनदी कायद्याने ती पद्धत मोडली, १८५५ मध्ये लंडनला पहिली स्पर्धापरीक्षा झाली आणि १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर हे त्या परीक्षेतून निवडले गेलेले पहिले भारतीय ठरले. खालच्या जागांवर मात्र कोणाचा कोण, कोणत्या गावचा, कोणत्या घराण्यातला ही विचारपूस दीर्घकाळ चालू राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर, सैन्यातून मोकळ्या झालेल्या जवानांना कामधंदा मिळवून देण्यासाठी १९४५ पासून सेवायोजन कार्यालये उघडण्यात आली. पुढे १९५९ साली रिकाम्या जागांची सूचना या कार्यालयांना देणे बंधनकारक करणारा कायदा झाला. नावनोंदणीचे कार्ड, वेळोवेळी त्याचे नूतनीकरण, राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केलेल्या प्रती, या साऱ्यांनी कित्येक पिढ्यांच्या मनात एक समजूत रुजविली की, अर्ज म्हणजे रकाने भरणे. कागदावर आपले म्हणणे मांडावयाचे असते ही कल्पनाच त्यात नव्हती. साक्षांकनाची सक्ती पुढे सैल झाली. २०१४ मध्ये केंद्र सरकारने स्वसाक्षांकनाचा पुरस्कार केला. रकाने भरण्याची सवय मात्र तशीच राहिली. शिवाय विवाहासाठी तयार करावयाच्या पत्रकालाही बायोडेटाच म्हणतात, तेव्हा उंची, वर्ण, धर्म, वडिलांचा व्यवसाय आणि भावंडांची संख्या हीही एका पत्रकातून दुसऱ्यात सहज उतरली.

आता एक उदाहरण घेता येईल. ते कल्पित आहे, परंतु अशी पत्रके कोणत्याही जिल्ह्याच्या गावी पाहावयास मिळतात. जबलपूरची एक वाणिज्य पदवीधर तरुणी. वय एकोणतीस. एका लहान सहकारी पतसंस्थेत तिने तीन वर्षे लिपिकाचे काम केले. नंतर आईच्या आजारपणामुळे नोकरी सोडली. दोन वर्षे घरी गेली. आता आई नाही. वडिलांच्या निवृत्तिवेतनावर तिघांचे घर चालते आहे. शहरातील एका औषधविक्रेत्या वितरकाने लेखा साहाय्यकाची जागा जाहीर केली आहे. जाहिरातीत तीन अपेक्षा आहेत : दैनंदिन हिशेब लिहिता यावेत, बँक जुळवणीपत्रक करता यावे, आणि वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रांची माहिती असावी. पत्रव्यवहारापुरते हिंदी-इंग्रजी येणे इष्ट.

तिचे परिचयपत्रक एका संगणक केंद्रात तयार झालेले आहे. वरती जाड ठशात 'बायोडेटा'. खाली एक ध्येयवाक्य : नामांकित संस्थेत आव्हानात्मक पदावर काम करून स्वतःचा व संस्थेचा विकास साधणे. मग वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, उंची, राष्ट्रीयत्व. मग इयत्ता दहावीपासूनचा गुणांचा तक्ता. त्याखाली अनुभव : 'पतसंस्थेत तीन वर्षे लिपिक, सर्व प्रकारची कामे.' मग छंद : वाचन, संगीत, प्रवास. शेवटी वरील माहिती सत्य असल्याची घोषणा, स्थळ, दिनांक, सही.

ध्येयवाक्यापासून आरंभ करावयास हरकत नाही, कारण ते चटकन निकालात निघते. ते तिचे नाहीच. त्या केंद्रातील संगणकावर एक जुने पत्रक साठवलेले असते आणि प्रत्येक गिऱ्हाइकासाठी त्यातील नाव-पत्ता बदलला जातो. कधीकधी तोही पुरता बदलला जात नाही. शेवटच्या घोषणेत आधीच्या गिऱ्हाइकाचे नाव तसेच राहून गेल्याची उदाहरणे आहेत. जे वाक्य शंभर अर्जांत सापडते ते वाचणारा वाचीतच नाही. त्या जागी दोन ओळींत एवढेच यावे की, ही वाणिज्य पदवीधर आहे, सहकारी पतसंस्थेत तीन वर्षे हिशेबाचे काम तिने केले आहे, आणि ती लेखा साहाय्यकाच्या जागेसाठी अर्ज करीत आहे.

यानंतरचा भाग कठीण. 'सर्व प्रकारची कामे' या तीन शब्दांत तिची तीन वर्षे गाडली गेली आहेत. ती बाहेर कशी काढावयाची? तिला 'तुझी कौशल्ये सांग' असे म्हटले तर ती गप्प होईल. बहुतेक माणसे होतात. कष्टाळू, प्रामाणिक, शिकण्याची आवड अशी विशेषणे मात्र सापडतील, आणि ती कोणालाही लावता येतात. त्यापेक्षा साधे प्रश्न उपयोगी पडतात. सकाळी कार्यालय उघडल्यावर पहिले काम कोणते असे? महिन्याच्या कोणत्या दिवशी उशिरापर्यंत थांबावे लागे? रजा घेतली तर कोणते काम अडून राही? चूक झाली तर ती कोणाच्या लक्षात येई? या प्रश्नांची उत्तरे देताना माणूस संकोचत नाही, कारण ती आत्मस्तुती वाटत नाही; ती केवळ हकीकत असते.

समजा, तिची उत्तरे अशी आली. सकाळी आदल्या दिवसाची रोख शिल्लक मोजून रोजकीर्दीशी पडताळणे हे पहिले काम. सुमारे सहाशे सभासदांची खाती. त्यांची खतावणी तीच लिही. महिनाअखेरीस तेरीज जुळेपर्यंत थांबावे लागे. संस्थेची दोन बँकांत खाती होती; त्यांचे जुळवणीपत्रक तीच करी, कारण सचिवांना त्याचा कंटाळा होता. थकबाकीदार सभासदांना पत्रे लिही. दुसऱ्या वर्षी संस्थेने संगणक घेतला, तेव्हा हस्तलिखित खतावणीतील शिल्लक रकमा संगणकावर चढविण्याआधी एकेक तपासून पाहण्याचे काम तिच्याकडे आले, आणि त्यात काही जुन्या चुका सापडल्या.

एवढे हाती लागल्यावर लेखन सोपे होते. 'सुमारे ६०० सभासदांच्या खात्यांची रोजकीर्द व खतावणी तीन वर्षे लिहिली. दरमहा तेरीज व दोन बँक खात्यांची जुळवणीपत्रके तयार केली. हिशेब संगणकावर आणताना जुन्या शिलकांची पडताळणी करून चुका दुरुस्त करून घेतल्या. थकबाकीविषयीचा पत्रव्यवहार हिंदीत सांभाळला.' चार वाक्ये झाली. एकातही विशेषण नाही. जाहिरातीतील पहिल्या दोन अपेक्षा येथे पुऱ्या झाल्या, आणि त्या तिने म्हटल्या म्हणून नव्हे, तर केल्या म्हणून. आकड्याचे महत्त्व या ठिकाणी ध्यानात येते. सहाशे हा फार मोठा आकडा नाही. परंतु वाचणाऱ्याला कामाचा आवाका कळतो, आणि आवाका कळला की विश्वास बसू लागतो. आकडा नक्की आठवत नसेल तर 'सुमारे' म्हणावे. तो वाढवून मात्र सांगू नये, कारण पतसंस्थेचे सभासद किती हे त्या गावात कोणीही विचारून घेऊ शकतो.

तिसरी अपेक्षा राहिली. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. पतसंस्थेतील तिच्या कामात त्याचा संबंध आला नव्हता. येथे मोह होतो. 'विवरणपत्रांची माहिती' असे एक कलम घालून टाकावे, बघता येईल पुढे, असे हितचिंतक सांगतात. तसे कलम घातले तर मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत ते उघडे पडते, आणि त्यासोबत आधीची चार खरी वाक्येही संशयास्पद ठरतात. त्याऐवजी तिने एखाद्या कर सल्लागाराकडे महिनाभर बसून विवरणपत्रे कशी भरतात ते शिकावे, आणि पत्रकात नेमके तेवढेच लिहावे : शिक्षण चालू आहे, अमुक महिन्यात आरंभ. तीनपैकी दोन अपेक्षा पुऱ्या करणारा आणि तिसरीकडे निघालेला उमेदवार टाकाऊ ठरत नाही. जाहिरातीतील सर्व अटी जुळल्याशिवाय अर्जच करावयाचा नाही, असा सोवळेपणा अनेकांत असतो, स्त्रियांत विशेष. तो सोडला पाहिजे. अर्थात वय, शैक्षणिक अर्हता अशा ज्या अटी सरकारी जाहिरातीत बंधनकारक म्हणून दिलेल्या असतात त्यांची गोष्ट वेगळी. तेथे अर्ज छाननीतच बाद होतो.

मधली दोन वर्षे. जुन्या पत्रकात तिने सालेच गाळली होती, जणू खंड दिसूच नये. पण सालांविना अनुभव म्हणजे लंगडा हिशेब. हिशेबनीसाच्या जागेसाठी तर तो अधिकच खटकतो. खंड लपविल्याने वाचणारा त्याचा अर्थ स्वतः लावतो, आणि तो अर्थ नेहमीच वाईट असतो. 'कौटुंबिक आजारपणामुळे नोकरीतून अवकाश' एवढी एक ओळ सालांसह पुरेशी आहे. आजार कोणता, शुश्रूषा किती, दुःख केवढे, याला त्या कागदावर जागा नाही. मुलाखतीत विचारले तर शांतपणे दोन वाक्यांत सांगावे.

धर्म, उंची, वैवाहिक स्थिती, वडिलांचे नाव या नोंदी जाहिरातीत वा विहित नमुन्यात मागितल्या नसतील तर गाळाव्यात. वाचणाऱ्याचे लक्ष पहिल्या अर्ध्या पानावर सर्वाधिक असते आणि ती जागा उंचीसाठी खर्च करणे परवडत नाही. २०१२ साली अमेरिकेतील एका नोकरीविषयक संकेतस्थळाने तीस निवडकर्त्यांच्या नजरेच्या हालचाली मोजल्या, तेव्हा एका पत्रकाला पहिल्या वाचनात सरासरी सहाच सेकंद मिळतात असे त्यांना आढळले. तीस माणसांचा नमुना फार मोठा नव्हे आणि भारतातील लहान कार्यालयांना तो तंतोतंत लागू पडेल असेही नाही. तरीपण ज्याने टेबलावर अर्जांचा गठ्ठा पाहिला आहे त्याला त्यात नवल वाटणार नाही. पहिल्या वाचनात अर्जांचे दोन ढीग होतात. खरे वाचन होते ते दुसऱ्या फेरीत.

नावासंबंधी भारतात एक वेगळाच गुंता आहे आणि त्याकडे पुनर्वाचनात हटकून दुर्लक्ष होते. महाराष्ट्रात शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम येते, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. तामिळनाडूत अनेकांना आडनावच नसते. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर तेवढे असते. उत्तरेत 'कुमार' किंवा 'देवी' हे शब्द कुठे नावाचा भाग असतात, कुठे नसतात. विवाहानंतर स्त्रीचे नाव एका दाखल्यावर माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे. प्रत्यक्ष अर्जाच्या नमुन्यात मात्र 'पहिले नाव' आणि 'आडनाव' असे दोनच चौकोन असतात. म्हणून परिचयपत्रक हाती घेण्यापूर्वी दहावीचे प्रमाणपत्र समोर ठेवावे आणि नावाची वर्णरचना व जन्मतारीख त्याच्याशी अक्षरशः ताडून पाहावी, कारण जन्मतारखेसाठी बहुतेक ठिकाणी तोच दाखला प्रमाण मानतात. इतर कागदांत फरक असेल तर दुरुस्ती नोकरी लागल्यावर करू म्हणून ठेवू नये. कागदपत्रांच्या पडताळणीच्या दिवशी रडकुंडीला आलेले उमेदवार बहुधा याच कारणाने अडकलेले असतात. गुणांचेही तसेच. कोठे टक्के, कोठे श्रेणी, कोठे दहापैकी गुणांक. ज्या विद्यापीठाने जे दिले तेच लिहावे, 'दहापैकी ७.२' असे परिमाणासह. टक्क्यांत रूपांतर मागितले असेल तर त्या विद्यापीठाचेच सूत्र लावावे.

सत्यासंबंधी थोडे अधिक बोलावयास हवे, कारण परिचयपत्रकाची सुधारणा म्हणजे सजावट असा समज पसरला आहे. सरकारी नोकरीत नेमणुकीच्या वेळी जो पडताळणी-नमुना भरून घेतात त्यात, खोटी माहिती देणे किंवा माहिती दडविणे ही अपात्रता ठरेल अशी सूचना असते. विशेषतः अटक, खटला, शिक्षा यांसंबंधीचे प्रश्न. २०१६ साली अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने या प्रश्नाचा सविस्तर परामर्श घेतला. माहिती खरी असली पाहिजे आणि काहीही दडवता कामा नये, हे तत्त्व न्यायालयाने स्पष्ट केले. त्याचबरोबर तरुणपणी घोषणा देणे किंवा तत्सम किरकोळ अपराध यांसारख्या क्षुल्लक बाबींत, नोकरी देणारा आपल्या विवेकाने झाल्या चुकीकडे दुर्लक्ष करू शकतो, असेही म्हटले. या निकालातून सामान्य उमेदवाराने घ्यावयाचा अर्थ एवढाच की, मूळ गोष्ट कित्येकदा क्षम्य असते. ती दडविल्याने प्रकरण वाढते. खाजगी नोकरीतही पूर्वीच्या मालकाकडे चौकशी करण्याची चाल आता सर्रास झाली आहे.

छंदांचा रकाना पुष्कळांना निरुपद्रवी वाटतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीसाठी असतात, आणि मुलाखत घेणाऱ्यांपुढे उमेदवाराने स्वतः भरलेला सविस्तर अर्ज असतो. त्यात 'वाचन' असे लिहिले की शेवटचे वाचलेले पुस्तक कोणते, हा प्रश्न यावयाचाच. जबलपूरच्या त्या तरुणीने 'प्रवास' लिहिले होते. गेल्या पाच वर्षांत ती रुग्णालयापलीकडे कोठे गेलेली नव्हती. तिने तो रकाना काढून टाकला हे योग्यच झाले. तिला चार भाषांपैकी कोणती वाचता, लिहिता, बोलता येते आणि टंकलेखनाचा वेग मिनिटाला किती शब्द आहे, ही माहिती त्या जागी अधिक उपयोगाची होती.

इतके सारे करूनही बोलावणे येईलच असे नाही, आणि याचे कारण प्रत्येक वेळी कागदात शोधणे अन्यायाचे होईल. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी केलेला एक अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सहासष्ट आठवड्यांच्या काळात इंग्रजी वृत्तपत्रांत आलेल्या खाजगी क्षेत्रातील ५४८ जाहिरातींना उत्तर म्हणून त्यांनी ४,८०८ अर्ज धाडले. अर्जांतील शिक्षण व अनुभव तुल्य ठेवले होते. बदलत होती ती नावे. काही नावे उच्चवर्णीय हिंदू वाटावीत अशी, काही दलित, काही मुसलमान. मुलाखतीला बोलावणे येण्याची अनुकूलता उच्चवर्णीय नावांच्या तुलनेत दलित नावांना सुमारे दोन-तृतीयांश आणि मुसलमान नावांना सुमारे एक-तृतीयांश आढळली. अमेरिकेत मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या तशाच प्रयोगात गोऱ्यांची वाटणारी नावे असलेल्या अर्जांना सुमारे पन्नास टक्के अधिक प्रतिसाद मिळाला होता. परिचयपत्रक सुधारण्याविषयी जे ग्रंथ लिहिले जातात त्यांत हा विषय सहसा येत नाही, आणि ही त्यांची मोठी उणीव आहे. दहा अर्ज परत आलेला तरुण आपल्या वाक्यरचनेला दोष देत बसतो. दोष कदाचित वाचणाऱ्याच्या नजरेत असतो. त्यावर उमेदवाराच्या हाती फार थोडे आहे. धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय सुचविणाऱ्या अनावश्यक नोंदी गाळणे एवढे तो करू शकतो. आपले नाव गाळणे हे त्याने का करावे?

यंत्राकडून छाननी करविली म्हणजे हा पक्षपात नाहीसा होईल अशी आशा काही काळ बाळगली गेली. २०१८ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने दिलेल्या बातमीनुसार, अ‍ॅमेझॉन कंपनीने अर्जांची प्रतवारी करणारी जी संगणकप्रणाली प्रयोगादाखल तयार केली होती ती आधीच्या दहा वर्षांच्या अर्जांवरून शिकली होती. ते अर्ज बहुतांशी पुरुषांचे असल्याने स्त्रियांच्या संघटनांचा वा क्रीडामंडळांचा उल्लेख असलेल्या अर्जांना ती कमी लेखू लागली. कंपनीला तो प्रयोग सोडून द्यावा लागला. मोठ्या कंपन्यांत आज पहिले वाचन बहुधा यंत्रच करते. म्हणून चौकटी, चित्रे, रंगीत पट्ट्या टाळाव्यात, कारण यंत्राला त्यांतील मजकूर नीट उचलता येईलच असे नाही. आणि जाहिरातीत कामाला जो शब्द वापरला असेल तोच शब्द, काम खरोखर केलेले असल्यास, पत्रकात वापरावा. पत्रकाचा मसुदाही यंत्राकडून लिहवून घेण्याची सोय आता झाली आहे. भाषा त्यातून सफाईदार मिळते. परंतु संगणक केंद्रातील त्या जुन्या ध्येयवाक्याचीच ती सुधारून वाढविलेली आवृत्ती होण्याचा धोका राहतो. सचिवांना जुळवणीपत्रकाचा कंटाळा होता ही गोष्ट यंत्राला ठाऊक नसते.

शेवटचे वाचन स्वतः करू नये. जे आपण लिहिले ते डोळा दुरुस्त करून वाचतो. 'लेखा'चे 'लेख' झाले तरी दिसत नाही. पत्रक दुसऱ्या कोणाला मोठ्याने वाचावयास सांगावे, शक्यतो त्या व्यवसायाबाहेरच्या माणसाला, आणि तो जेथे अडखळेल तेथे खूण करावी. दूरध्वनी क्रमांक एकेक आकडा करून ताडावा. क्रमांक चुकलेल्या उमेदवाराला निवड झाल्याचे कधी कळतही नाही. ज्यांची नावे संदर्भ म्हणून दिली असतील त्यांना आधी विचारून घ्यावे. संगणकावरून पाठविताना फाइलीला स्वतःचे नाव व पदाचे नाव द्यावे. 'बायोडेटा नवीन दोन' या नावाच्या फाइली प्रत्येक कार्यालयात पडलेल्या असतात.

आणि जो मसुदा धाडला त्याची एक प्रत, जाहिरातीच्या कात्रणासह, तारीख घालून ठेवावी. निरनिराळ्या जागांसाठी पत्रकात थोडेथोडे फेरफार झालेले असतात आणि बोलावणे कधी दोन आठवड्यांनी येते, कधी तीन महिन्यांनी. जबलपूरची ती तरुणी मुलाखतीला जाईल तेव्हा समोरच्या माणसाच्या हातात एक कागद असेल, आणि त्यातील सहाशे खात्यांविषयी तो प्रश्न विचारील. तोच कागद तिच्याही पिशवीत असला पाहिजे.